कव्हरावर नाव कुणाचं

फिलाडेल्फिया
७ फेब्रुवारी १९९३

प्रिय अण्णाकाका,

तुम्हाला आणि सुलोचनाकाकूला नमस्कार. इतक्या महिन्यांनी लिहिते आहे म्हणून ज्या शिव्या देणार असाल त्या पोचल्या असं समजा.

काम घेऊन आले आहे. माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंध चालू आहे, विषय बाबांनी भोपाळहून फोनवर मला दोनदा सांगायला लावला. विषय आहे हिप-हॉपच्या कॅसेट आणि सीडींची कव्हरं. म्हणजे चित्र, अक्षरं, घडी, सगळी मांडणी. हिप-हॉप म्हणजे काय, तर इथल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमधली मुलं तालावर यमक जुळवत बोलतात. गात नाहीत, बोलतात. ऐकलं नाहीत तरी चालेल, तुम्ही फक्त बघा.

माझ्या प्रोफेसरांनी पहिलं प्रकरण परत केलं. म्हणाले, तू पाहुणी म्हणून हिंडते आहेस, तुझी स्वतःची नजर कुठे आहे? मी दोन दिवस रुसून बसले. मग आठवलं की नजर मला मिळाली ती तुमच्या टेबलाशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला रेवा मिलच्या डिझाइन खात्यात न्यायचे, वाया गेलेल्या लेबलांच्या पाठीवर मी चित्रं काढायचे, आणि तुम्ही विचारायचे, 'काय काढलंस ते नको सांगू, गिऱ्हाइकाला काय दिसेल ते सांग.'

तीन कव्हरांच्या झेरॉक्स पाठवते आहे. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते मला सांगा ना. बाबा म्हणाले मिल मध्यंतरी बंद होती, आता सुरू व्हायची आहे. गडबडीत असाल, तर सावकाश लिहा.

तुमची,
शलाका


नंदानगर, इंदूर
२ मार्च १९९३

चि. शलाका,

आशीर्वाद. शिव्या आपल्या आपण पोचवून घेतल्यास, माझी शाई वाचली.

तुझी चित्रं आली. काकूनं पाहिली आणि म्हणाली, ही पोरं कुणावर एवढी चिडली आहेत? मी म्हटलं, फोटो काढणाऱ्यावर. ती म्हणाली, मग काढू कशाला दिला. याचं उत्तर तुझ्या प्रोफेसरला विचार.

आता क्रमानं. पहिल्या चित्रात विटांची भिंत आहे, पुढे चौघे उभे. ही भिंत कारखान्याची आहे, पैज लाव. घराला कुणी एवढ्या उंचावर खिडक्या ठेवत नाही. दुसऱ्यात नुसती अक्षरं, एकमेकांत अशी गुंतलेली की भिंग लावूनही मला वाचता येईनात. आपल्याकडे उलटी रीत. रेवा मिलचं धोतर घेणारा माणूस अलीराजपूरच्या हाटात उभा असतो, त्याला अक्षर येत नाही. तो म्हणतो, 'मोर वालो दे.' मोर दिसला, काम झालं. तुझ्या या भिया-भाऊलोकांनी तर ज्याला वाचता येतं त्याचीसुद्धा पंचाईत करून ठेवली आहे.

तिसऱ्यात एकच माणूस, गळ्यात साखळी, आणि डोक्यापेक्षा मोठं त्याचं नाव. हे मला पटलं नाही. माल चांगला असेल तर नावाचा एवढा डांगोरा कशाला? मोर मी काढला, राघूची जोडी मी काढली, सूर्यफूल मी काढलं. कोपऱ्यात माझ्या नावाचा ठिपकासुद्धा नाही आणि मला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. नाव असतं मिलचं. माणूस काय, आज आहे, उद्या रिटायर. मिल राहते.

एक गोष्ट मात्र आवडली. तिन्ही चित्रांत खाली कोपऱ्यात काळा-पांढरा चौकोनी ठसा आहे. झेरॉक्समध्ये अक्षरं फुटली आहेत, पण मी ओळखला. सेकंडच्या मालाचा. कापडाच्या थानात डाग निघाला, धागा तुटला, की आम्हीही कोपऱ्यात तसाच ठसा मारायचो, म्हणजे गिऱ्हाईक फसत नाही. माल खोटा तर खोटा म्हणून विकतात, हा प्रामाणिकपणा झाला. पण तिन्ही कॅसेटी सेकंडच्याच का घेतल्यास? हात तंग आहे का? बाबाशी बोलू का?

आणि झेरॉक्समध्ये घडी कुठे दिसते? दुकानात थप्पी लागली की थानाची नुसती कड दिसते. तशी कॅसेटचीही दिसत असणार. तिथे काय लिहिलं आहे ते आधी सांग, पुढचं चित्र मग.

मिल महिन्याभरात सुरू होते असं दिसतं. भोपाळहून साहेबलोक येऊन बघून गेले. तोवर जरा फुरसत आहे, म्हणून एवढी लांबण लावली.

अण्णाकाका


फिलाडेल्फिया
२८ मार्च १९९३

प्रिय अण्णाकाका,

तुमचं पत्र मी वर्गात भाषांतर करून वाचलं. काकूचा प्रश्न ऐकून सगळे हसले आणि मग एकानं तो वहीत उतरवून घेतला.

भिंत कारखान्याचीच आहे. मोज्यांचा कारखाना होता, बंद पडला. पैज तुम्ही जिंकली. घडीचंही बरोबर. कडेच्या पट्टीवर त्यांनी आधी नाव घातलं आहे, तेही वाचता येईल अशा साध्या अक्षरात. पुढे अक्षरांची जिलेबी, कडेला छापील टाइप. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण ठशाचं तुम्ही चुकलात. तो सेकंडचा नाही. आईबापांना इशारा आहे, की यातली भाषा वाईट आहे, पोरांना देऊ नका. झालं असं की आता पोरं ठसा बघूनच घेतात, ठसा नसेल तर माल मिळमिळीत समजतात. काही जण तर चित्र काढतानाच ठशाला जागा सोडतात. माल खोटा नाही काका, काही लोकांना तो खोटा वाटतो म्हणून ठसा आहे.

आणि नावावरून मी तुमच्याशी भांडणार. या मुलांच्या आजोबांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. ना कारखान्यात, ना रस्त्याला. म्हणून ही मुलं आधी भिंतीवर आपलं नाव लिहायला शिकली, गाणं मागून आलं. नाव मोठं नाही काढलं तर कव्हरावर काढायचं तरी काय?

आणखी एक बघा. कॅमेरा खाली ठेवला आहे, गुडघ्याच्या उंचीवर. त्यामुळे ती चौघं मागच्या इमारतीपेक्षा उंच दिसतात. आणि डोळे थेट आपल्यावर. तुमचे मोर नि राघू नेहमी बाजूला बघायचे ना?

शिफ्ट सुरू झाली की कळवा.

शलाका


सियागंज, इंदूर
१९ एप्रिल १९९३

चि. शलाका, सुखी राहा.

हे पत्र शैलजाच्या जयेशच्या दुकानात बसून लिहिते आहे, ह्यांना ठाऊक नाही. जयेश माझ्या बहिणीचा मुलगा, तू लहानपणी पाहिला असशील. त्यानं इथे किराण्याच्या गोदामावर एक खोली घेऊन कॅसेटी भरायचं मशीन टाकलं आहे. भजनं, मालवी गाणी. खेड्यातले दुकानदार सियागंजला माल भरायला येतात, गूळ-तेलाबरोबर कॅसेटीही नेतात. बरं चाललं आहे पोराचं.

आता मुद्द्याचं. 'महिन्याभरात मिल सुरू' हे तुला लिहिलं ना त्यांनी? मीही वर्षभर तेच ऐकते आहे. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतात, डबा घेतात आणि मिलच्या गेटावर जाऊन बसतात. तिथे सतरंजी टाकून धरणं चालू आहे. शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी येतात. विचारलं तर म्हणतात, आज वातावरण चांगलं होतं.

जयेश दोनदा घरी आला, म्हणाला, काका, माझी कव्हरं तुम्ही काढा, तुमच्यासारखा हात इंदुरात कुणाचा नाही. तर म्हणाले, 'मी रेवा मिलचा माणूस आहे. दुसरीकडे हात लावला तर गेटावर तोंड कसं दाखवू?' तिथे रीतच पडली आहे बाई. दुसरं काम धरलं म्हणजे मिल मेली असं तूच कबूल केलंस. कुणी बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी सतरंजीवर सरकून जागा देत नाहीत.

घर माझ्या शिकवण्यांवर चाललं आहे, त्याची काळजी नाही. काळजी ह्यांची आहे. वर्षभरात ब्रशला हात लावलेला नाही. माणूस आतून सुकत चालला आहे. तुझी चित्रं आली तेव्हा भिंग घेऊन बसले, चहा निवला तरी उठले नाहीत. मी स्वयंपाकघरातून बघत होते, मला भरून आलं. त्यांनी पुन्हा ब्रश धरला पाहिजे, नाहीतर मला त्यांची धडगत दिसत नाही. तू सांग. तुझं ऐकतील.

सुलोचनाकाकू


फिलाडेल्फिया
९ मे १९९३

प्रिय अण्णाकाका,

स्पष्टच लिहिते. मला कळलं आहे की मिल सुरू होत नाही आहे आणि तुम्ही रोज गेटावर बसता.

काका, ती उघडणार नाही. मी राहते त्या भागात सगळ्या कापडाच्या गिरण्याच होत्या. इथेही लोक फाटकाशी बसले होते. आता तिथे फ्लॅट झाले आहेत आणि फाटकात कॉफीचं दुकान आहे. सगळीकडे असंच होतं आहे. तिकडे आता बाजार खुला होतो आहे, नवीन कंपन्या येतील, नवीन कामं निघतील, तुमच्यासारख्या हातांची गरज पडेल. जयेशचं काम घ्या ना. कॅसेटचं कव्हर म्हणजे हलकं काम नाही, मी त्यावर पदवी घेते आहे. एका सतरंजीसाठी तुम्ही स्वतःला का वाया घालवता?

रागावू नका.

शलाका


इंदूर
१ जून १९९३

चि. शलाका,

पत्र पोचलं. आपली मिल उघडणार की नाही हे फिलाडेल्फियातून दिसतं, हे नव्यानं कळलं.

तुला कुणी कळवलं ते मी ओळखलं. तिला काही बोललो नाही.

तुझ्या अभ्यासाला यश येवो.

पंढरीनाथ देवस्थळे


फिलाडेल्फिया
२९ ऑगस्ट १९९३

प्रिय अण्णाकाका,

तुम्ही खाली पूर्ण नाव घातलं. अण्णाकाका नाही. ते बघून मी रडले.

मी चुकले. मी त्या सतरंजीवर कधी बसले नाही, तिथे कोण बसतं, काय बोलतात, काहीच मला माहीत नाही, आणि इथून शहाणपण शिकवलं. प्रोफेसर मला जे म्हणाले होते ना, पाहुणी म्हणून हिंडतेस, ते मी तुमच्याच बाबतीत केलं. माफ करा.

माझी मैत्रीण निधी सुट्टीला इंदूरला, पलासियातल्या तिच्या घरी येते आहे. तिच्याबरोबर एक कॅसेट पाठवली आहे. झेरॉक्स नाही, खरी. काही विचारायचं नाही मला. फक्त कव्हर बाहेर काढून घडी पूर्ण उघडा, एवढंच.

काकूला रागवू नका, प्लीज.

तुमची,
शलाका


नंदानगर, इंदूर
१५ नोव्हेंबर १९९३

चि. शलाका,

दिवाळीचे आशीर्वाद. काकूच्या चकल्या यंदा जमल्या आहेत, तुला पाठवता येत नाहीत म्हणून तुझ्या वाटच्या मी खातो आहे.

तुझी निधी येऊन गेली. चांगली मुलगी, मराठी समजत नाही पण हो-हो करते. कॅसेट दिली. मी आठवडाभर हात लावला नाही, आता खरं सांगायला काय हरकत आहे. मग एक दिवस उघडली. काय घडी आहे गं ती. उघडावी तर आणखी निघते, थान सोडल्यासारखी. पुढे जिन्यावर अख्खी वस्ती बसली आहे, म्हाताऱ्या बायकासुद्धा. आणि आत नुसती नावं, मुंगीएवढ्या अक्षरात. भिंगातून वाचली. कुणाची मावशी, कुणाचा न्हावी, कुणी मेलेला मित्र, सगळ्यांचे आभार. मला वाटलं होतं ही पोरं फक्त स्वतःचंच नाव मिरवतात. तर असं नाही.

आता इकडची हकीकत. आमच्या गेटावर बंडू मिस्त्री म्हणून आहे, साचे म्हणजे माग दुरुस्त करायचा. दुपारी सगळे पेंगायला लागले की हा तेलाचा रिकामा डबा उलटा घेतो आणि त्यावर ठेका धरून बोलायला लागतो. 'भोंगा बोले ना, तकली डोले ना, ताला ऐसा मारा भिया, कोई खोले ना.' पुढे साहेबाची, पुढाऱ्याची, स्वतःच्या बायकोची, सगळ्यांची खेच. गात नाही, बोलतो. तुझ्या पत्रात तू जे लिहिलं होतंस तेच, फक्त आमच्या बंडूला गुडघेदुखी आहे.

जयेश एकदा माझा विसरलेला डबा द्यायला गेटावर आला. (विसरलेला नव्हता, तुझ्या काकूनं लपवला होता, हे मला मागून कळलं.) त्यानं बंडूला ऐकलं आणि तिथेच म्हणाला, याची कॅसेट काढू. गेटावर सगळे तयार झाले. आपला आवाज बाहेर जाईल, असं म्हणाले. मग कव्हर कोण काढणार, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विचार केला, हे काही दुसरं काम नाही, गेटाचंच काम आहे. हो म्हटलं.

घरी ब्रश बघतो तर केस दगडासारखे कडक. नवे आणले. दोन दिवस रद्दीवर नुसत्या रेघा ओढल्या, तिसऱ्या दिवशी हात बसला. मिलचं गेट काढलं, चिमणी काढली, कमानीवर मोर काढला, वर सोनेरी अक्षरात 'रेवा मिल, इंदूर'. कडेच्या पट्टीवरही तेच. मनासारखं झालं. बंडूला घेऊन सियागंजला गेलो.

जयेशनं बघितलं. म्हणाला, 'काका, फस्क्लास. पण बोलतो कोण?'

मी म्हटलं, 'कोण म्हणजे? बंडू. हा काय शेजारी उभा आहे.'

'मला माहीत आहे. मंदसौरच्या दुकानदाराला कसं कळणार?'

मी कव्हर हातात घेतलं आणि बघत राहिलो. बंडूचं नाव नव्हतं. लहान नाही, कोपऱ्यात नाही, कुठेच नाही. मुद्दाम गाळलं असं नाही गं, सुचलंच नाही. इतकी वर्षं चित्रावर मिलचं नाव घातलं, हाताला तेवढंच माहीत. मला फार लाज वाटली. आणि बंडू काय म्हणाला सांगू? म्हणाला, 'चलेगा भिया, मिल का नाम है ना.' मला बरं वाटावं म्हणून नाही, त्याला खरंच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तिथे मला रडू आवरेना. मिलला कुलूप लागलं, पगार बंद झाला, तेव्हा मी रडलो नव्हतो.

पहिलं कव्हर फाडलं. दुसऱ्या दिवशी बंडूला गेटासमोर उभा केला आणि मी रस्त्यावर मांडी घालून बसलो, तू लिहिलं होतंस तसा, गुडघ्याच्या उंचीवर. म्हटलं, माझ्याकडे सरळ बघ. त्याची नजर पुन्हापुन्हा गेटाकडे जायची, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ओरडेल म्हणून. नाव मोठं काढायला घेतलं, 'बंडू मिस्त्री'. तर म्हणाला, 'मिस्त्री मत लिखो. मिस्त्री मिल ने बनाया, शितोळे बाप का है.' म्हणून 'बंडू शितोळे'. केवढं काढलं ते तू बघशीलच, प्रत सोबत आहे. मिल मागे आहे, आणि त्याच्या खांद्याएवढीच आहे.

तुझ्यावर राग होता. आता नाही.

अण्णाकाका


फिलाडेल्फिया
२० डिसेंबर १९९३

प्रिय अण्णाकाका,

कव्हर पोचलं, आणि खाली 'अण्णाकाका' लिहिलेलंही पोचलं.

मी ते माझ्या प्रबंधात शेवटचं चित्र म्हणून घातलं. तोंडी परीक्षेत एका बाईंनी विचारलं, बाकी सगळ्या कव्हरांवर माणसं थेट समोर बघतात, हा किंचित बाजूला का बघतो? चित्रकाराची चूक आहे का? मी म्हटलं, चूक नाही, तो अजून साहेबाची चाहूल घेतो आहे. अंग सरळ झालंय, डोळे अजून व्हायचे आहेत. बाईंनी चित्र पुन्हा जवळ ओढून पाहिलं. मी पास झाले, काका.

चित्राखाली चित्रकाराचं नाव घालावं लागतं, इथे तसा नियमच आहे. मी तुमचं घातलं. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता.

पण एक काळजी लागून राहिली आहे. तुम्ही ब्रश धरला, कॅसेट बाजारात गेली, आता जयेश काय तुम्हाला सोडणार आहे? आणि गेटावर? काकूनं लिहिलं होतं, दुसरं काम धरलं की सतरंजीवर जागा देत नाहीत. तुम्हाला दिली ना जागा?

शलाका


नंदानगर, इंदूर
६ फेब्रुवारी १९९४

चि. शलाका,

अभिनंदन. काकूनं पेढे वाटले, कशाबद्दल ते शेजाऱ्यांना नीट सांगता आलं नाही. 'मुलगी पुठ्ठ्यांवर पास झाली' असं काहीतरी म्हणाली.

माझं नाव घातलंस. मी नाही म्हणालो असतो, हे खरं. काकूनं तुझ्या पत्राचं ते पान मला दोनदा वाचायला लावलं, आणि दुसऱ्यांदा मीही नीट ऐकलं.

तू जागेचं विचारलंस. जयेशनं बंडूनंतर तीन भजनांची कव्हरं दिली. मी नाही म्हणालो, मग घेतली. हात मोकळा झाल्यावर घरात गप्प बसवेना. पण आता हे गेटाचं काम नव्हतं, दुसरंच होतं. त्यामुळे मी रोज चोरासारखा गेटावर जायचो. कव्हरं पिशवीत डब्याखाली, त्यावर रुमाल. कुणी 'पंढरीजी, थैली में क्या है' विचारलं की मी रुमाल आणखी खोचायचो. मनात ठरवलं होतं, ज्या दिवशी कळेल त्या दिवशी आपण होऊन उठायचं, कुणाला सरकायला सांगायचं नाही.

मागच्या महिन्यात घडी खात्यातला वासुदेव घरी आला. पुढच्या दारानं नाही, मागच्या बोळातून. मला वाटलं, झालं, आली वेळ. तर तो खाली मान घालून म्हणाला, 'पंढरीजी, बंडूसारखा माझ्या नावाचा एक बोर्ड काढून द्या. मोठ्या अक्षरात. ठेल्याला लावायचा आहे.' मी विचारलं, कसला ठेला? भाजीचा. पाटनीपुऱ्यात लावतो, संध्याकाळी, वर्ष होऊन गेलं. गेटावरून लवकर उठायचा तेव्हा आम्हाला सांगायचा, गुडघ्याला शेक द्यायला जातो. जाताना माझा हात धरून म्हणाला, एवढी मेहरबानी करा, गेटावर कुणाला सांगू नका.

दोन दिवसांनी दुसरा आला. त्याचा टेम्पो आहे. तिसऱ्याची बायको शेव पाडते, हा सायकलवर दुकानोदुकानी टाकतो. मग एकेक करत येतच राहिले, सगळे बोळातून. गेल्या आठवड्यात खुद्द बंडू आला. कॅसेटवाला बंडू. घरी मिक्सर आणि कूलर दुरुस्त करतो, आमच्यासमोर डबा वाजवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या मोटरींचं वाइंडिंग भरायचा. नाव पाहिजे, मोठं पाहिजे, आणि अट सगळ्यांची एकच. गेटावर कुणाला सांगू नका.

तुला कळतंय ना, शलाका? प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे सगळे निष्ठेनं बसले आहेत आणि गद्दार मी एकटाच. एकमेकांची लाज राखायला सगळे रोज येऊन बसायचे. खरोखर मिल उघडायची वाट बघत होता तो एक मी, आणि तोही भजनांची कव्हरं लपवत होता. बंडू गेल्यावर मला आधी हसू आलं, मग रडायला आलं. काकू घाबरली. तिला दोन्हींचं कारण सांगितलं, तेव्हा तीही आधी हसली आणि मग डोळ्यांना पदर लावला.

मिल उघडणार नाही. तू लिहिलं होतंस ते खरं होतं, पण ते मला इथे बसूनच कळायला हवं होतं. लिहिताना वाटलं होतं हात अडखळेल. अडखळला नाही.

बोर्ड सगळे तयार आहेत. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून वाळत ठेवले आहेत. रोज कुणी ना कुणी 'झाला का' विचारायला येतो, त्याला दुसऱ्याचा दिसू नये म्हणून मी ते वर्तमानपत्रांनी झाकून ठेवतो. आता या झाकाझाकीचा मला कंटाळा आला आहे. प्रत्येकाला निरोप दिला आहे की रविवारी सकाळी येऊन आपापला बोर्ड घेऊन जा, आणि या खेपेला पुढच्या दारानं या. वेळ सगळ्यांना एकच दिली आहे.

काकू विचारत होती, पोहे किती माणसांचे भिजवू. म्हटलं, अख्ख्या गेटाचे भिजव.

अण्णाकाका